शब्दांना जात कोणी दिली?

इंग्रजीचा पेपर हाती पडला की आपल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास भेटतो : ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा.’ प्रश्नाला गुण दोन-तीनच. पण या प्रश्नापाशी जो अडखळतो त्याचे पुढे वाक्य अडते, वाक्य अडले की इंग्रजी अडते, आणि इंग्रजी अडले की वस्तीतल्या मुलाची शाळाच अडते. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्याला हा प्रश्न सोडवावा लागत नाही. त्याचे उत्तर त्याच्या कानात असते. ज्याच्या घरात इंग्रजी नाही त्याला मात्र ते नियमानेच शोधावे लागते. म्हणून हा नियम कोठून आला, तो खरोखर काय सांगतो आणि आपल्यापर्यंत येताना त्याचे काय झाले, हे तपासणे हा आपल्या दृष्टीने केवळ व्याकरणाचा विषय राहत नाही.

आधी ‘शब्दाची जात’ हा शब्दप्रयोगच पाहू. इंग्रजीत या संकल्पनेला ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ म्हणतात. हे लॅटिन ‘पार्टेस ओरात्सिओनिस’चे भाषांतर, आणि ते लॅटिन पुन्हा ग्रीकवरून आलेले. तिन्ही भाषांत अर्थ एकच : बोलण्याचे, म्हणजे वाक्याचे, भाग. भाग म्हटला की संपूर्णाचा विचार आलाच. हात हा शरीराचा भाग आहे, कारण शरीरात त्याला काम आहे. मराठी शालेय व्याकरणात मात्र ‘वाक्याचे भाग’ न म्हणता ‘शब्दांच्या जाती’ म्हणण्याचा प्रघात पडला. वाक्य नाहीसे झाले, राहिला एकटा शब्द, आणि त्याच्या कपाळावर जात. येथे केवळ एका शब्दाच्या जागी दुसरा आला असे नाही. विचारण्याचा प्रश्नच बदलला. ‘हा शब्द येथे काय करतो?’ हा मूळचा प्रश्न. ‘हा शब्द कोणाचा?’ हा आपण शिकलेला प्रश्न.

१

इ.स.पूर्व सुमारे १०० च्या आसपास डायोनिशियस थ्रॅक्स या ग्रीक पंडिताच्या नावावर एक छोटे व्याकरण तयार झाले. होमरसारख्या जुन्या कवींचे ग्रंथ नीट वाचता यावेत हा त्याचा हेतू होता. त्यात वाक्याचे आठ भाग सांगितले आहेत : नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. या यादीत विशेषण वेगळे नाही, ते नामातच धरलेले आहे. केवलप्रयोगीही वेगळे नाही; हाय, अरेरे असे उद्गार क्रियाविशेषणाच्या पोटात घातले आहेत.

रोमन पंडितांनी ही यादी लॅटिनला लावली तेव्हा अडचण आली, कारण लॅटिनमध्ये उपपद नाही. आठ हा आकडा तर मोडायचा नव्हता. रिकाम्या जागी उद्गाराला स्वतंत्र स्थान मिळाले. हे स्थान देण्याचे श्रेय परंपरेने रेमियस पॅलीमन या इ.स. पहिल्या शतकातील व्याकरणकाराकडे जाते. हा पॅलीमन कोण होता? स्यूटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो की तो व्हिचेन्झा गावच्या एका स्त्रीच्या घरी जन्मलेला गुलाम. आधी विणकाम शिकला. मालकिणीच्या मुलाला शाळेत पोहोचवायचे काम त्याच्याकडे आले, आणि मुलाबरोबर जाता-येता तो अक्षरे शिकला. पुढे गुलामीतून मुक्त झाला आणि रोममधला अग्रगण्य व्याकरणशिक्षक बनला. स्यूटोनियसने त्याच्या गर्विष्ठपणावर आणि दुर्वर्तनावरही सडकून लिहिले आहे. टायबेरियस आणि क्लॉडियस या दोन सम्राटांनी मुलांना याच्या हाती देऊ नका असे उघड म्हटल्याचेही तो नोंदवतो. तरीही मुले त्याच्याकडे येत राहिली.

आपल्याला ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी उघडलेल्या शाळेच्या दाराशी उभे राहून विद्या मिळवणे हा जगभरच्या दास्याचा अनुभव आहे. पण येथे लक्षात घ्यायची गोष्ट आणखी एक आहे. ज्याला व्याकरण वाक्याबाहेरचा समजते, ज्याचा इतर शब्दांशी अन्वय लागत नाही, तो उद्गार, तो हुंदका, वाक्याचा स्वतंत्र भाग म्हणून ज्याच्या नावाने मोजला गेला तो माणूस गुलाम म्हणून जन्माला आला होता. यावरून मोठा सिद्धान्त काढण्याची गरज नाही. मात्र व्याकरण ही केवळ उच्चकुलीनांची निर्मिती आहे, असे मानण्याचेही कारण उरत नाही.

२

आता आकड्यांकडे पाहू. थ्रॅक्सच्या परंपरेत आठ. यास्काच्या निरुक्तात चार : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीच्या दृष्टीने पदे मूलतः दोनच, सुबन्त आणि तिङन्त. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने १७६१ मध्ये आठ मोजले आणि धातुसाधित काढून विशेषणाला स्वतंत्र केले. लगेच पुढच्या वर्षी, १७६२ मध्ये, रॉबर्ट लाउथने उपपद धरून नऊ मोजले. लिंडले मरेचे १७९५ चे व्याकरण, जे एकोणिसाव्या शतकात शाळाशाळांतून चालले, तेही नऊच सांगते. अमेरिकेत चार्ल्स फ्रीझने १९५२ मध्ये लोकांच्या टेलिफोनवरील बोलण्याचे ध्वनिमुद्रण अभ्यासून जुनी नावेच टाकून दिली. त्याने चार मोठे वर्ग आणि कार्यशब्दांचे पंधरा गट मांडले.

दोन, चार, आठ, नऊ, चार आणि पंधरा. भाषा बदलली म्हणून आकडा बदलला, असे म्हणावे तर प्रीस्टली आणि लाउथ एकाच इंग्रजीविषयी, एका वर्षाच्या अंतराने लिहीत होते. म्हणजे हे वर्ग शब्दांच्या पोटातून निघालेले नाहीत. मोजणाऱ्याने आपल्या हेतूसाठी आखलेल्या या रेषा आहेत. रेषा आखणे गैर नाही, रेषेवाचून शिकवता येत नाही. गैर आहे ते आखलेली रेषा निसर्गाने किंवा देवाने आखली असे सांगणे. या देशात वर्गीकरणाचे हेच झाले, हे येथे वेगळे सांगायला नको.

३

इंग्रजीत तर ही रेषा फारच पुसट आहे, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. जुन्या इंग्रजीत शब्दाच्या शेवटी प्रत्यय असत. प्रेम या नामाला ‘लुफु’ म्हणत, प्रेम करणे या क्रियेला ‘लुफियन’. शब्द पाहताच त्याचा वर्ग कळे. हे अन्त्य प्रत्यय बोलण्यात झिजू लागले. ही झीज १०६६ च्या नॉर्मन विजयाआधीच सुरू झाली होती, पण त्या विजयानंतर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, धर्माची आणि विद्येची भाषा लॅटिन राहिली, आणि इंग्रजी उरली ती मुख्यतः शेतकरी, कारागीर आणि नोकरचाकर यांच्या तोंडी. जुन्या प्रमाण लेखनाचा धाक सुटला. न्यायालयात इंग्रजीत बोलण्यास मुभा देणारा कायदा १३६२ मध्ये झाला, तोही फ्रेंचमध्ये लिहिलेला! तीन शतके अभिजनांनी दूर ठेवलेली ही भाषा परत वर आली तेव्हा तिचे बहुतेक प्रत्यय गळून गेले होते. ‘लुफु’ आणि ‘लुफियन’ दोन्ही मिळून एकच ‘लव्ह’ झाले होते.

येथून पुढे इंग्रजी शब्दाचे काम त्याच्या वाक्यातील जागेवरून कळू लागले. ‘वॉटर’ हा शब्द घ्या. ‘दे ड्रँक द वॉटर’ यात तो नाम आहे. ‘दे वॉटर देअर कॅटल हिअर’ यात तो क्रियापद आहे. ‘वॉटर टॅक्स’ यात तो पुढच्या नामाला विशेषित करतो. ‘राउंड’ तर पाच कामे करतो. ‘राउंड टेबल’मध्ये विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’मध्ये नाम, ‘दे राउंड द कॉर्नर’मध्ये क्रियापद, ‘ही टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राउंड द व्हिलेज’मध्ये शब्दयोगी. १९३० साली बाबासाहेब ज्या परिषदेला लंडनला गेले तिच्या नावातला ‘राउंड’ आणि गावाला वळसा घालून जाणाऱ्या वाटेचा ‘राउंड’ हा शब्द एकच आहे, काम वेगळे. तेव्हा ‘राउंड या शब्दाची जात कोणती?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘या वाक्यात राउंड काय करतो?’ या प्रश्नाला आहे.

अठराव्या शतकात लाउथ, जो पुढे लंडनचा बिशप झाला, आणि त्याच्यासारखे इतर यांनी या मोकळ्या भाषेला पुष्कळसे लॅटिनच्या साच्यात बसवले. शुद्ध कोणते, अशुद्ध कोणते, याचा निवाडा सुरू झाला. मजुराचे इंग्रजी अशुद्ध ठरले. हाच साचा पुढे जहाजात बसून मुंबईला आला.

४

मराठीचे व्याकरण इंग्रजी धर्तीवर रचणाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले होते, पण ते इंग्रजीत होते. दादोबांनी मराठी मुलाच्या हाती मराठीतले व्याकरण दिले, त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतात ते यामुळे. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर टीका केली, मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून सगळा विषय नव्याने घुसळला. या परंपरेतच आपली शालेय ‘आठ जातीं’ची यादी स्थिर झाली.

‘जाती’ हा शब्द योजताना या मंडळींच्या मनात दुष्ट हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. न्यायशास्त्रात जाती म्हणजे अनेक व्यक्तींत सारखे आढळणारे सामान्य. विद्वानाच्या कानाला तो निरुपद्रवी पारिभाषिक शब्द आहे. पण शाळेत विद्वान बसत नाही, मूल बसते. त्या मुलाला जात हा शब्द न्यायशास्त्राने शिकवलेला नसतो, पाणवठ्याने शिकवलेला असतो. जात जन्मतः मिळते, बदलत नाही, मेल्यावरही सुटत नाही, हे त्याला चौथीच्या आधीच ठाऊक असते. त्याच समजुतीने तो ‘वॉटर म्हणजे नाम’ असे पाठ करतो आणि वाक्यात ‘वॉटर’ क्रियापद होऊन समोर आला की गोंधळतो. हा त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. शिकवलेल्या शब्दाचा अर्थ त्याने इमानाने घेतला, एवढेच.

आणि इतिहासाची गंमत पाहा. शब्दांचे हे वर्ग मराठीत मांडणाऱ्या याच दादोबांनी १८४९ मध्ये मुंबईत माणसांच्या जाती मोडण्यासाठी परमहंस सभा उभारण्यात पुढाकार घेतला. सभेत येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. पण हे सारे गुप्त. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटणार या भीतीने सभाच विसर्जित झाली. दादोबांचा प्रामाणिकपणा संशयातीत आहे. उणीव होती ती उघड बोलण्याची. दार लावून जात मोडता येते, पण दार उघडले की ती पुन्हा दारातच उभी असते. याच काळात जोतीराव आणि सावित्रीबाई पुण्यात महार-मांगांच्या मुलांना दिवसाढवळ्या शिकवत होते. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. हजारो वर्षे ज्यांचे दुःख केवळ उद्गारात मावत होते, त्यांच्यातली एक मुलगी आता कर्ता, कर्म, क्रियापद जुळवून, कोणी काय केले ते सांगत होती.

शिकण्याची ही वाट सरकारने मोकळी ठेवली होती असेही नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला मुंबई सरकारने प्रवेश नाकारला. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पाणिनीचे दार बंद होते. इंग्रजीचे दार मात्र वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, घरीच किलकिले केले होते. लष्करी शाळेत शिक्षक असलेल्या या पित्याने मुलाकडून तर्खडकर भाषांतर पाठमाला पाठ करवून घेतल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. वाक्य घ्यायचे, त्याचे भाग वेगळे करायचे, दुसऱ्या भाषेत पुन्हा जुळवायचे. भाषांतराच्या अभ्यासात शब्दाची जात विचारून भागत नाही, त्याचे काम विचारावेच लागते.

५

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल : ‘जन्माने नव्हे, कामाने वर्ग ठरतो, असे तुम्ही म्हणता. मग हेच तर गुणकर्मविभागशः चातुर्वर्ण्य!’ या आक्षेपाला उत्तर दिलेच पाहिजे, कारण हा युक्तिवाद फार जुना आणि फार फसवा आहे. वाक्यातला शब्द सकाळी नाम असतो, दुपारी क्रियापद होतो, संध्याकाळी विशेषण. त्याला कोणी बहिष्कृत करीत नाही. नामाला शब्दयोग्यापेक्षा वरचे आसन नाही; ‘इन’ किंवा ‘ऑफ’ काढून टाका, भलीभली नामे निराधार होतात. आणि शब्दाचे मूल बापाच्याच वर्गात राहिले पाहिजे असे बंधन नाही : ‘काइंड’ या विशेषणापासून ‘काइंडनेस’ हे नाम होते, ‘काइंडली’ हे क्रियाविशेषण होते. चातुर्वर्ण्यात यांपैकी काय आहे? बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. वाक्य ही सहकार्याची रचना आहे, वर्ण ही उतरंडीची. दोहोंना एक म्हणणे ही व्याकरणाचीही फसवणूक आहे आणि माणसाचीही.

६

शब्दाचे काम ओळखण्याचा उपयोग परीक्षेपुरता नाही. ‘अनटचेबल’ हा शब्द उकलून पाहू. ‘टच’ ही क्रिया. ‘एबल’ प्रत्यय लागून विशेषण झाले, ‘स्पर्श करण्याजोगा’. आधी ‘अन’ लागून ‘स्पर्श न करण्याजोगा’. मग ‘द’ आणि अनेकवचनाचा ‘स’ लावला की त्याचे नाम झाले, माणसांच्या समूहाचे नाव झाले. आमच्या ‘अस्पृश्य’ची घडण अशीच. क्रिया कोणाची आहे? शिवत नाही तो सवर्ण. पण शब्द चिकटतो तो ज्याला शिवले जात नाही त्याला. करणाऱ्याची कृती सोसणाऱ्याचा गुणधर्म म्हणून दाखवण्याचे काम एका प्रत्ययाने केले आहे.

आता ‘डिप्रेस्ड’ पाहा, बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात वापरलेला ‘ब्रोकन मेन’मधला ‘ब्रोकन’ पाहा, आणि १९७२ मध्ये पँथरने छातीवर लावलेला ‘दलित’ पाहा. तिन्ही कर्मणी धातुसाधिते. दाबलेले, मोडलेले, दळलेले. असा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : कोणी दाबले? कोणी मोडले? ‘अस्पृश्य’ हा शब्द कर्त्याला लपवतो, ‘दलित’ हा शब्द कर्त्याचा शोध घेतो. म्हणूनच हा शब्द काहींना एवढा बोचतो.

कायद्याच्या इंग्रजीतही हीच वाटचाल दिसते. संविधानाचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे असे कर्मणी रचनेत सांगतो. तेथे पाळणारा कोण हे येत नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलमांत ‘हूएव्हर’ हे सर्वनाम कर्त्याच्या जागी आले : जो कोणी अडवील तो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात त्या ‘हूएव्हर’पुढे खुलासा जोडला गेला : जो अनुसूचित जाती-जमातीचा नाही असा कोणी. नामापासून सर्वनामापर्यंत, आणि सर्वनामापासून निश्चित कर्त्यापर्यंत यायला एकोणचाळीस वर्षे लागली. ज्याला वाक्यातला कर्ता ओळखता येत नाही त्याला फिर्यादीतला कर्ताही गाळला गेल्याचे कळत नाही.

आपल्या शिक्षकांनी म्हणून एवढे करावे. शब्द एकटा फळ्यावर लिहून त्याची जात विचारू नये, वाक्य लिहावे. मग तीन गोष्टी तपासायला सांगाव्यात. पहिली, त्याची जागा : त्याच्या आधी ‘द’ किंवा ‘माय’ आहे काय? असेल तर नामाचा माग लागतो. दुसरी, त्याचे रूप : ‘नेस’, ‘शन’, ‘इटी’ हे शेवट बहुधा नामाचे, ‘ली’ बहुधा क्रियाविशेषणाचा, पण ‘फ्रेंडली’ विशेषण आहे आणि ‘फॅमिली’ नाम, म्हणून रूपावर आंधळा विश्वास नको. तिसरी, अदलाबदल : त्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ बसते काय, ‘व्हेरी’ जोडता येते काय, ‘येस्टरडे’ म्हटल्यावर शब्दाचे रूप बदलते काय? शब्दयोगी शोधताना आणखी एक सावधगिरी : ‘इन द हाउस’चे मराठी ‘घरात’, तेथे इंग्रजीचा स्वतंत्र शब्द मराठीत प्रत्यय होऊन घराला चिकटला आहे, तो मराठीत वेगळा शोधायला लावून मुलाला रडवू नये.

आणि प्रश्नाचे नाव बदलावे. ‘शब्दाची जात’ न म्हणता ‘शब्दाचे वाक्यातील काम’ म्हणावे. परीक्षेच्या कागदावर जुना शब्द छापून येईल तेव्हा त्याचा अर्थ मुलांना समजावून द्यावा, पण वर्गात तो रुजवू नये. मूळ ग्रीकांनी जे म्हटले होते तेच आपण म्हणणार आहोत, त्यात व्याकरणाचे काही बिघडत नाही. ज्या मुलाला घराबाहेर सतत त्याची जात विचारली जाते, त्याला निदान इंग्रजीच्या तासाला तरी विचारले जावे : बाळ, या वाक्यात हा शब्द काय करतो आहे? उत्तर शोधता शोधता तो उद्या हेही विचारील की या समाजात मला कोणते काम करू दिले जात नाही, आणि ते वाक्य कोणी लिहिले.